पलंगाची भिंत

तळघरातला टीव्ही महिन्यापूर्वीच गेला होता. घराच्या लेखी मात्र तो त्या रविवारी सकाळी गेला.

महिनाभर काका अर्धाच टीव्ही बघत होते. पडद्याचा खालचा भाग काळाठिक्कर पडला होता आणि बातम्या सांगणारी बाई कपाळापासून नाकापर्यंतच दिसायची. काकांनी थोरल्या पुतण्याला सांगितलं, तो म्हणाला, "बघू." सूनबाईला सांगितलं, ती म्हणाली, "ह्यांना सांगा." वहिनींच्या, म्हणजे माईंच्या कानावर घातलं, त्या म्हणाल्या, "हल्ली बघण्यासारखं असतं तरी काय त्यात." मग काकांनी सांगणंच सोडलं. पण त्या रविवारी संध्याकाळी अंतिम सामना होता. धाकटा पुतण्या बायकोला माहेरी पोचवून सकाळीच येऊन थडकला, तळघरात उतरला, टीव्ही लावला आणि तिथूनच त्यानं बोंब ठोकली, "दादा! अरे, यात मैदानच दिसत नाहीये!"

झालं. घर खडबडून जागं झालं. महिनाभर जे बघू-बघूवर चाललं होतं, ते आता आणीबाणीचं झालं. काका चहासाठी जिना चढून वर आले तेव्हा जेवणाच्या टेबलाभोवती सभा भरली होती. त्यांच्यासाठी कुणी खुर्ची सरकवली नाही. त्यांनी स्वतःच ओढून घेतली, जरा जास्तच आवाज करून.

"पंच्याहत्तर इंची," धाकटा मोबाइल सगळ्यांपुढे नाचवत म्हणाला. "त्याखाली बघूच नका. तळघर केवढं लांबलचक आहे आपलं."

"पासष्ट पुरे," थोरला म्हणाला. धंदा तो बघत असल्यामुळे शेवटचा आकडा आपला असला पाहिजे अशी त्याची समजूत होती.

"पासष्टचा माझ्या घरी आहे, दादा. मग मी इथं कशाला येऊ?"

"म्हणजे आम्हाला भेटायला येत नाहीस, हे एकदाचं कळलं," माई म्हणाल्या.

"कुठलाही आणा," सूनबाई ओट्यापाशी उभ्याउभ्या म्हणाली. "फक्त माझ्या हॉलमध्ये नको. तुमची मित्रमंडळी आली की आठवडाभर सोफ्यातून चुरा काढत बसते मी."

धाकट्याला एकदम आठवण झाली. "काका, तुम्हाला कुठला आवडतो?" त्यानं मोबाइल काकांच्या नाकापुढे धरला आणि काकांनी चष्मा चढवेपर्यंत तो काढूनही घेतला.

"लहान घ्या," काका म्हणाले. "पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसेल एवढा. आख्खा दिसला म्हणजे झालं."

दोघे भाऊ हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. लहान मूल शहाण्यासारखं बोललं की हसतात, तसं ते होतं, आणि म्हणूनच काकांना ते झोंबलं.

धाकटा थोरल्याच्या कानाशी झुकला. "पण लावायचा कुठं? एवढी मोठी मोकळी भिंत एकच आहे, पलंगाची."

"तिथंच," थोरला हलक्या आवाजात म्हणाला. "पलंग जायचाच आहे. गोदामावरची खोली रंगवून ठेवलीय मी. आजचा सामना होऊ दे, उद्या सांगतो त्यांना."

काकांचा एक कान गेलेला होता हे खरं. ट्रकच्या इंजिनाशेजारी उमर काढल्यावर तो जायचाच होता. पण गेला होता तो डावा. उजवा चांगला तिखट होता आणि थोरला उजवीकडेच बसला होता. इतक्या वर्षांत या घराला काकांचा कुठला कान गेलाय हे लक्षात राहू नये, याचा काकांना आधीपासूनच राग होता.

त्यांनी कप खाली ठेवला. "उद्या काय सांगतोस? आजच सांग."

थोरल्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "काका, म्हणजे बघा... खोली चांगली आहे. मोठी खिडकी आहे, ऊन येतं. इथं खाली ओल. तुमचे गुडघे—"

"टीव्ही अर्धा झाला तेव्हा माझे गुडघे नाही आठवले कुणाला."

"आणि रात्री तिथं आपलं कुणीतरी माणूस असलं म्हणजे..."

"असं म्हण की! राखणदार हवाय तुला."

"मी तसं म्हणालो नाही."

"तू कसलंच काही म्हणाला नाहीस, तीच तर बोंब आहे!"

सूनबाई हातातला चमचा तसाच धरून नवऱ्याकडे बघत होती. "म्हणजे काकांना हे माहीतच नव्हतं?" तिनं विचारलं. थोरल्यानं तिला डोळ्यांनी गप्प केलं.

काका मात्र माईंकडे वळले. सामान हलवण्याचा धंदा सुरू केला तेव्हा दोनच माणसं होती, काका आणि त्यांचे थोरले भाऊ. ट्रक भाड्याचा, दोर उसने आणि कपाटं मात्र लोकांची. हे घर त्यातून उभं राहिलं. भाऊ गेले, माई राहिल्या. थोरल्याचं लग्न झालं तेव्हा वरची आपली खोली काकांनीच त्याला दिली आणि थोडे दिवस म्हणून पलंग तळघरात नेला. ते थोडे दिवस संपलेच नाहीत. तळघराच्या उंच झरोक्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे आणि पायांवरून माणूस ओळखायला काका शिकले. त्यांनी कधी तक्रार केली नाही. ती जागा आपली आहे, असं त्यांना वाटत होतं.

"वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला वाटलं, त्यानं तुम्हाला विचारलं असेल."

"ते नाही विचारलं मी. ठाऊक होतं का?"

माईंनी टेबलावरचा एक डाग बोटानं पुसला. तो गेला नाही. "होतं," त्या म्हणाल्या.

काकांना थोरल्याचा राग आला होता. माईंच्या गप्प राहण्याचं मात्र वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा त्यांना दुप्पट राग आला. ते उठले. "टीव्ही आणायला मीही येतोय," ते म्हणाले. "माझ्या भिंतीवर काय टांगताय ते बघू तरी द्या."

दुकानात भिंतभर टीव्ही लागले होते आणि सगळ्यांत एकच मासा पोहत होता. मोठ्यात मोठा मासा, लहानात लहान. टाय लावलेला विक्रेता धाकट्याच्या मागून फिरत होता आणि काळा रंग किती काळा दिसतो ते समजावून सांगत होता. माई घरीच राहिल्या होत्या. सूनबाई आली होती, पण वाटेत गाडीत ती एक शब्द बोलली नव्हती. एरवी बोलण्यात खंड न पडणारी बाई गप्प बसली, तेव्हाच थोरल्यानं सावध व्हायला हवं होतं.

काका सगळ्यांत शेवटच्या, सगळ्यांत लहान टीव्हीपाशी जाऊन उभे राहिले. "हा," ते म्हणाले.

"आजोबा, हा स्वयंपाकघरात लावतात," विक्रेता म्हणाला.

"मग स्वयंपाकघरातली माणसं शहाणी आहेत. मासा आख्खा दिसतोय यात."

"काका, प्लीज," थोरला दातांवर दात ठेवून म्हणाला. "इथं तमाशा नको."

"तमाशा कुठला? टीव्ही निवडतोय. तुम्ही तीन जण निवडताय, मी चौथा. जो बघणार तो मीच, एवढंच चुकलं माझं."

सूनबाई मध्ये आली. "काका, एक सांगा. जिना झेपत नाही, मला गोदामावर जाऊन राहायचंय, असं तुम्ही ह्यांना म्हणाला होतात का?"

"मी?" काकांना हसावं की ओरडावं कळेना. "जिना झेपत नाही म्हणून गोदामावर? तिथं काय, मला खिडकीतून उडत जायचंय?"

सूनबाई नवऱ्याकडे वळली. "मला खोटं सांगितलंत."

"घरी बोलू."

"इथंच बोलू. घरी तुम्ही फोन कानाला लावून अंगणात जाता. काका स्वतःच जातायत म्हणून पडदे निवडले मी त्या खोलीचे. काकांना निळा आवडतो म्हणून निळे घेतले. आणि मी त्यांना हाकलतेय, असं वाटत असेल त्यांना!"

"वहिनी, थोडं हळू," धाकटा म्हणाला. "लोक बघतायत."

"तुम्ही बोलू नका, भावोजी. तुम्हाला मैदान दिसलं की झालं."

धाकटा एका टीव्हीच्या आवाजाची बटणं चाचपू लागला. बाकी तो नेहमी जिंकणाऱ्या बाजूला असे. आज बाजू ठरत नव्हती, म्हणून त्याची पंचाईत झाली होती.

आणि मग थोरला फुटला. एरवी तो फुटत नसे. आतल्या आत धुमसत राहायची त्याची रीत होती, म्हणून तो बोलू लागला तेव्हा विक्रेताही दोन पावलं मागं सरकला.

"हो, सांगितलं खोटं! काय करू? ट्रक कसा भरायचा ते मी सांगायचं आणि गड्यांनी म्हणायचं, काकांना विचारतो. पियानो कुठून उचलायचा? काकांना विचारतो! काका कामावर येत नाहीत किती वर्षं झाली, तरी काकांना विचारतो! धंदा मी वाढवला, गाड्या मी घेतल्या, आणि मी कोण? काकांचा पुतण्या. संध्याकाळी घरी यावं तर जिन्याखाली पुन्हा काका! मला माझ्या घरात एक जागा नको? एक भिंत?"

काका त्याच्याकडे बघत राहिले. हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं म्हणून ते थोडे नरम पडायला आले होते. पण तेवढ्यात त्यांना मुद्दा सुचला, आणि मुद्दा सुचला की गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"गडी मला विचारतात म्हणून तू मला गोदामावर ठेवणार?" ते म्हणाले. "अरे, गडी रोज सकाळी तिथंच येतात की!"

धाकट्याच्या नाकातून फिसकन हसू निसटलं. महिनाभर बेत रचताना एवढी साधी गोष्ट थोरल्याच्या ध्यानात आली नव्हती. तो लालबुंद झाला, विक्रेत्याकडे वळला आणि ज्या आकड्याला सकाळी नको म्हणाला होता तोच बोलला.

"पंच्याहत्तर. बांधा."

दुकानाची माणसं दुसऱ्या दिवशी घरी आणून लावून देणार होती. थोरल्याला ते मान्य नव्हतं. दुसऱ्यांचं सामान पोचवणाऱ्यांच्या घरी आपला खोका पोचवायला परके यावेत, हे त्याला लाजिरवाणं वाटलं. आपल्या गड्यांना रविवारची सुट्टी. मग दोघा भावांनीच तो लांबलचक खोका धंद्याच्या टेम्पोतून आणला आणि तळघराच्या जिन्यावर उभा धरून उतरवायला घेतला. धाकटा खाली, थोरला वर. गेल्या कित्येक वर्षांत दोघांपैकी एकानंही पाण्याच्या भांड्यापेक्षा जड काही उचललं नव्हतं.

काका खाली पलंगावर बसले होते. मदतीला जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. वळणावर खोका अडकला ते त्यांना आवाजावरूनच कळला.

"दादा, थांब! अरे, बोटं चेपली माझी!"

"तिरका कर."

"कुठं तिरका? भिंत आहे इथं!"

"मग मागं हो."

"मागं जिना आहे! दिसत नाहीये मला काही!"

काका उठले. शिव्या घालत उठले, पण उठले. धाकट्याच्या मागून जाऊन त्यांनी खोक्याखाली खांदा घातला, भार अंगावर घेतला आणि म्हणाले, "नीघ." धाकटा त्यांच्या काखेखालून सुटून खाली पळाला. खोका हलायचा थांबला. या वयातही खांद्याला सगळं आठवत होतं, आणि एवढ्या रागातही काकांना त्याचं बरं वाटलं.

या धंद्यात जिन्याचा एक कायदा होता. तो भाऊंनी आणि काकांनी घालून दिला होता आणि थोरल्याला मिसरूड फुटलं तेव्हा काकांनीच याच जिन्यावर शिकवला होता. खालच्याच्या अंगावर खरा भार असतो आणि त्याला दिसत काही नसतं. म्हणून बोलायचं खालच्यानं. तो थांब म्हणाला की थांबायचं, वर म्हणाला की वर, खाली म्हणाला की खाली. वरच्यानं का म्हणून विचारायचं नाही. आणि काहीही झालं, तरी वरच्यानं हात सोडायचा नाही.

"वर," काका म्हणाले.

"वर?" खोक्याच्या पलीकडून थोरल्याचा आवाज आला. "काका, खाली न्यायचाय तो."

"खाली जागा नाही. खाली माझा पलंग आहे. वर घे."

थोरला एक पायरी चढला. सवयच तशी होती; शब्द आला की पाय हलायचे. मग दुसरी चढला. वर दाराशी सूनबाई आणि माई उभ्या होत्या. बायको बघत होती, आई बघत होती, खालून धाकटा बघत होता, आणि थोरला स्वतःच्या पैशानं, हट्टानं आणलेला टीव्ही काकांच्या हुकमावरून उलटा वर नेत होता.

एकाएकी सगळा भार खाली आला. काका मागं फेकले गेले, पाठ भिंतीवर आपटली, कोपर सोलपटलं. खोका छातीवर घेऊन ते तसेच रुतून उभे राहिले. खोक्याचा वरचा कोपरा मागं कलला आणि कठड्यावर आदळला. आतून साखरेवर पाय पडावा तसा आवाज झाला.

सूनबाई धावत उतरली. तिनं आणि धाकट्यानं ओढून खोका काकांच्या अंगावरून काढला, वर नेला आणि हॉलमध्ये तिच्याच सोफ्याला टेकवून ठेवला. कुणी उघडून बघितलं नाही. काका जिन्यातच होते. कोपरातून रक्त येत होतं. थोरला वरच्या पायरीवर उभा होता, हात पुढं, रिकामे.

"घामाचे हात," माई घाईघाईनं म्हणाल्या. "घसरला असेल."

"खोका गुळगुळीत असतो गं माई," धाकटा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा," काका म्हणाले. आता ते ओरडत नव्हते. "त्याला विचारतोय मी. हात घसरला, की सोडलास?"

घसरला म्हणणं सोपं होतं. सगळ्यांनी मिळून ते उत्तर त्याच्या तोंडापर्यंत आणून ठेवलं होतं. थोरल्यानं आपल्या तळव्यांकडे बघितलं.

"सोडला," तो म्हणाला.

माईंनी तोंडाला पदर लावला. सूनबाई नवऱ्यापासून एक पायरी दूर झाली. काका वळले आणि खाली गेले. थोड्या वेळानं गादी जमिनीवर फेकल्याचा आणि लोखंडी पलंग फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. पलंग जिन्याच्या तोंडाशी आणून काकांनी हाक मारली.

"ये खाली. पलंग हलवायचा होता ना तुला? चल. मी वर, तू खाली."

"भावोजी, हात बघा तुमचा," माई म्हणाल्या. "आधी बांधून घ्या काहीतरी. आणि कुठं जाणार आत्ता?"

"गोदामावर. खोली रंगवलीय म्हणे. पडदेही आहेत, निळे." 'निळे' म्हणताना त्यांचा आवाज सूनबाईसाठी थोडा उतरला आणि पुन्हा चढला. "इथं राहून ह्याच्या डोक्यावर बसायचं नाही मला. पण पलंग ह्यानंच उचलायचा. माझा पलंग गड्यांकडून हलवून घेणार नाही मी."

थोरला उतरला. पलंगाच्या खालच्या टोकाशी गेला आणि तिथंच थबकला. वर काका उभे राहणार, पलंग मध्ये, आणि त्याच्या पाठीशी जिना. काकांना त्याच्या चेहऱ्यावरची भीती दिसली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी नाही सोडणार!" ते गरजले. "तुझ्या बापाच्या अंगावर कधी काही सोडलं नाही मी, तुझ्या अंगावर सोडीन? उचल!"

त्यांनी उचलला. काका पाठमोरे चढत होते, थोरला छातीवर भार घेऊन. वळणावर पलंगाचा पाय भिंतीला टेकला आणि दोघं थांबले. काकांचं कोपर ठणकत होतं. वरच्यानं थांबून राहायचं असतं, म्हणून ते थांबून राहिले.

खालून शब्द येईना. थोरल्यानं कपाळ लोखंडी दांडीला टेकवलं होतं. काकांना त्याचे फक्त केस दिसत होते, भांगापाशी पिकलेले. तो रडत होता.

"बोल," काका म्हणाले. "खालचा आहेस."

"खाली," थोरला म्हणाला.

"काय?"

"खाली घ्या, काका." त्याचा आवाज फाटला होता, पण तो परत म्हणाला, "खाली."

वर दाराशी माई, सूनबाई, धाकटा, सगळे उभे होते. काकांच्या मनात आलं, सांगावं याला, मघाशी हात सोडलास तेव्हाच तुझ्या शब्दाचा मान गेला. तोंडावर आलंही होतं. पण खाली कोण आहे, चांगला की वाईट, हे बघून पाळायचा तो कायदा नव्हता, आणि त्याला तो शिकवणारेही तेच होते. आपल्याच जाळ्यात सापडल्याचा राग त्यांच्या कानापर्यंत चढला. त्यांनी एक सणसणीत शिवी हासडली आणि पाय एक पायरी खाली टाकला.

थोरला मागं मागं उतरू लागला, डोळे पुसायला हात मोकळा नसल्यामुळे तसाच, आंधळ्यासारखा. वरच्यानं जिन्यात बोलायचं नसतं. पण काकांना राहवलं नाही.

"डावीकडे बघ, गाढवा," ते ओरडले. "भिंतीला लागतोय."